पत्ता आणि वाट

पत्रलेखन ही एक कला आहे असे आजवर पुष्कळांनी सांगितले आहे, आणि थोरामोठ्यांचे पत्रव्यवहार छापून काढण्याची हौसही आपल्याकडे कमी नाही. परंतु लिहिलेले पत्र ज्या व्यवस्थेच्या योगाने दुसऱ्याच्या हाती पडते, तिच्याविषयी सुशिक्षित मनुष्य क्वचितच विचार करतो. पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट चिकटविले आणि ते लाल पेटीत सोडले की आपले कर्तव्य संपले, अशी त्याची समजूत असते. ही समजूत खोटी नाही. किंबहुना ती खरी ठरावी एवढ्याचसाठी टपालखात्याचा सारा खटाटोप असतो. तथापि जी व्यवस्था बिनबोभाट चालते तिचा आपणांस विसर पडतो, आणि तशी एखादी व्यवस्था स्वतः निवडण्याची पाळी आली म्हणजे मग त्रेधा उडते. संगणकाच्या टपालाच्या बाबतीत अशी पाळी आमच्यावर एकदा आली होती. त्या निमित्ताने जे विचार मनात घोळले, ते आज पंचवीसाहून अधिक वर्षांनी वाचकांपुढे मांडीत आहो.

पत्ता निराळा आणि वाट निराळी, हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. जासुदाच्या कमरेला थैली बांधून पत्रे धाडीत, त्या काळी वाट जासुदाला ठाऊक असावी लागे. घाट कोणता, नदीला उतार कोठे, रात्रीचा मुक्काम कोणत्या गावी, हे सारे पत्राच्या पोचण्याचेच अंग होते. टपालखाते आले आणि वाटेची चिंता लिहिणाराच्या डोक्यावरून उतरली. 'मु. पो. चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणे' असे आपण लिहितो, तेव्हा आपण वाट सांगत नाही. गाव कोणत्या तालुक्याच्या पोटात आणि तालुका कोणत्या जिल्ह्याच्या पोटात, एवढेच सांगतो. वाट काढणे हे खात्याचे काम. या सांगण्याला अंकांचे रूप देण्याचे श्रेय एका महाराष्ट्रीयाकडे जाते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. टपाल व तार खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. तिच्या सहा अंकांपैकी पहिले तीन पत्र कोणत्या वाटणीच्या जिल्ह्यात टाकावे हे सांगतात, आणि शेवटचे तीन तेथील टपालकचेरी दाखवितात. चिंचवड गावाचा अंक ४११०३३, आकुर्डीचा ४११०३५, आणि चाकणचा ४१०५०१. चिंचवडहून चाकण फार तर सहासात कोस. परंतु टपाल वाटणाराच्या दृष्टीने चिंचवड आणि आकुर्डी ही एका घरातली भावंडे, आणि चाकणचे पत्र तिसऱ्या अंकापाशीच त्यांच्यापासून वेगळे होते. वाटणाराला गावाचे नाव वाचावे लागू नये, अंकांवरून त्याचा हात आपोआप योग्य खणाकडे जावा, हे या योजनेचे मर्म आहे.

आता संगणकांकडे वळू. संगणक एकमेकांशी बोलू लागले त्या आरंभीच्या काळात त्यांचे टपाल जासुदाच्या युगात होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास 'यूयूसीपी' नावाची आज्ञावली रचिली. तिचे काम साधे होते. एका संगणकाने ठरल्या वेळी, बहुधा रात्री, शेजारच्या संगणकाला दूरध्वनी करावा, साठलेली पत्रे त्याच्या स्वाधीन करावी, त्याच्याकडील आपली घ्यावी, आणि फोन ठेवावा. रात्रीची वेळ निवडण्याचे कारण स्वस्ताई हे होते. आपल्याकडेही रात्री अकरा वाजल्यानंतर परगावच्या दूरध्वनीचा दर चौथाईवर येत असे, हे आमच्या पिढीला चांगले आठवते. शेजाऱ्याने ती पत्रे आपल्या शेजाऱ्याकडे द्यावी, त्याने पुढच्याकडे, असे करीत पत्र मुक्कामाला पोचे.

या पद्धतीत पत्ता आणि वाट एकच होती. पत्र कोणाकोणाच्या हातून जाणार आहे ती सारी नावे क्रमाने, मध्ये उद्गारचिन्ह घालून, लिहिणारालाच लिहावी लागत. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर चाकणहून नाशिकच्या एखाद्या गृहस्थाला पत्र धाडणाराने 'राजगुरुनगर!मंचर!नारायणगाव!संगमनेर!सिन्नर!नाशिक!अमुक' असा पत्ता घातला पाहिजे. मंचरचा संगणक बंद पडला की पत्र तेथेच खोळंबले. आणि तोच मनुष्य मुंबईहून पत्र लिहू लागला की त्याचा पत्ता सर्वस्वी बदलला. मनुष्याला स्वतःचा असा पत्ताच नव्हता. तो विचारणाराच्या ठिकाणावर अवलंबून होता. ही अडचण दूर करण्यासाठी पीटर हनीमन आणि स्टीव्ह बेलोविन यांनी 'पाथएलियस' नावाची आज्ञावली तयार केली. कोणता संगणक कोणाशी किती वेळा बोलतो याची यादी तिला पुरविली म्हणजे ती सर्वांत सोयीची वाट काढून देई. त्यासाठी तिने प्रत्येक गाठीची किंमत ठरविली होती : तासातासाला बोलणाऱ्या शेजाऱ्याची ५००, दिवसातून एकदा बोलणाऱ्याची ५०००, आणि आठवड्यातून एकदाच दर्शन देणाऱ्याची ३००००. शेजाराचे मोल त्याच्या भेटीगाठींवरून ठरवावे, हा व्यवहार आपल्या आळीतल्या म्हाताऱ्यांनाही पटला असता.

आपल्या देशात हे टपाल आले ते मुंबईच्या वाटेने. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने 'अर्नेट' नावाचे शिक्षण व संशोधन यांसाठीचे जाळे विणावयास घेतले. दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच तंत्रज्ञान संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आणि स्वतः तो विभाग, असे आठ जण त्यात होते. जुहूच्या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी होते. १९८६-८७ च्या सुमारास जुहू आणि पवई यांच्या दरम्यान साध्या दूरध्वनीच्या तारेवरून या जाळ्यातील पहिली पत्रे गेली. पुढे १९८९ साली मुंबईहून अमेरिकेला एक स्वतंत्र तार भाड्याने घेण्यात आली. तिची धाव सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे सुमारे १२०० रोमन अक्षरे. आज आपण खिशातल्या फोनवर काढतो त्या चाळीस लक्ष बाइटांच्या एका छायाचित्राला त्या तारेवरून जावयास ५५ मिनिटे लागली असती. तेवढ्या तारेवर देशातील विद्वानांचा परदेशी पत्रव्यवहार चालत होता, आणि कोणी तक्रार करीत नव्हते.

याच सुमारास जगभर एक मोठा पालट घडून आला होता. १९८२ च्या ऑगस्टमध्ये पत्र नेण्याआणण्याचे आणि पत्र लिहिण्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि नावापुढे '@' हे चिन्ह घालून नुसते ठिकाण सांगण्याची पद्धत रूढ होऊ लागली. वाट काढण्याचे काम पुनश्च टपालवाहकाकडे आले. वेलणकरांनी कागदाच्या टपालाला दिलेली सोय संगणकाच्या टपालाला दहाबारा वर्षांनी मिळाली, असे म्हटले तरी चालेल. परंतु जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती बराच काळ शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांचा संकर झाला की पत्त्याचे दोन अर्थ होत. एकाच पत्त्यात '!' आणि '@' अशी दोन्ही चिन्हे आली, तर पत्र आधी डावीकडच्या घरी न्यावे की उजवीकडच्या, यावर वाद माजे. त्यात इंग्लंडातील विद्यापीठांच्या जाळ्याने आणखी भर घातली होती. जग पत्त्यात लहान ठिकाण आधी आणि देश शेवटी लिहीत असता, तेथील मंडळी देश आधी लिहीत. समुद्रापलीकडे जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा पत्ता कोणीतरी उलटा करून द्यावा लागे.

या गोंधळात एरिक ऑलमन यांची 'सेंडमेल' ही आज्ञावली पुढे आली. बर्कली येथील विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीबरोबर १९८३ साली ती बाहेर पडली. तिचा गुण असा की ती कोणत्याही बोलीतला पत्ता समजून घेऊन दुसऱ्या बोलीत बदलून देई. तिचा दोष असा की हे सारे नियम ज्या एका फाइलीत लिहावे लागत, ती पाहून भल्याभल्यांचे धैर्य खचे. चिन्हांमागून चिन्हे, मध्ये अक्षर औषधालाही नाही. शिवाय २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत जो संगणक-किडा हजारो यंत्रांत पसरला, त्याने आत शिरण्यासाठी शोधलेल्या वाटांपैकी एक या सेंडमेलचीच होती. त्यामुळे तिला प्रतिस्पर्धी निर्माण झाले. केंब्रिजच्या फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये 'एक्झिम' रचिली. डॅनियल बर्नस्टाइन यांची 'क्यूमेल' आणि व्हित्से व्हेनेमा यांची 'पोस्टफिक्स' त्यानंतर दोनतीन वर्षांत आली.

आमच्यावर निवडीची पाळी आली ती याच दिवसांत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेटची सेवा सर्वांना खुली केली होती. (पिनकोडाप्रमाणे याही टपालाने स्वातंत्र्यदिनाचाच मुहूर्त साधला होता.) पिंपरी-चिंचवडच्या परिसरातील ज्या महाविद्यालयात आम्ही तेव्हा तरुण अध्यापक होतो, तेथे सर्वांसाठी एक टपालयंत्र असावे असे ठरले. परदेशी विद्यापीठांना अर्ज करणारे विद्यार्थी होते. भोसरीच्या वसाहतीत सुट्या भागांचा कारखाना काढलेले माजी विद्यार्थी होते, आणि त्यांना गिऱ्हाइकांची रेखाचित्रे कुरिअरऐवजी तारेने हवी होती. तीन जणांची समिती नेमली गेली, व तीत वयाने लहान म्हणून लिखापढीचे काम आमच्याकडे आले.

आज्ञावली मिळविणे हा पहिला प्रश्न. त्याच्या दहापंधरा वर्षे आधी बर्कलीची प्रणाली हवी असेल तर प्रथम तिच्या मूळ मालकांचा परवाना काढावा लागे, आणि मग चुंबकीय फितीचे रीळ साध्या टपालाने येई. विजेचे टपाल कागदाच्या टपालाच्या पाठीवर बसून जगभर गेले, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आमच्या वेळी परिस्थिती पालटली होती. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाच्या अंकाबरोबर लिनक्सची तबकडी येई, आणि तिच्यात हे सारे फुकट असे. पण फुकट मिळणारी वस्तू सरकारी शिस्तीच्या संस्थेत घेणे हे विकत घेण्याहून अवघड आहे, हे आम्हांस तेव्हा कळले. खरेदी म्हटली की तीन दरपत्रके हवीत. ज्या वस्तूला किंमत नाही तिचे दरपत्रक कोण देणार? भांडारपालांचा दुसरा प्रश्न असा की डेडस्टॉक रजिस्टरात हिची नोंद काय करावी. अखेर मासिकाच्या एका अंकाची किंमत हीच आज्ञावलीची किंमत मानून ती ग्रंथालयाच्या नियतकालिकांत दाखल करण्यात आली, आणि सर्वांचे समाधान झाले.

निवडीचा प्रश्न याहून गहन होता, आणि तो आम्हांस मराठीने घातला. संगणकाच्या टपालाचे १९८२ चे नियम करणारांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी होती. इंग्रजीची अक्षरे, अंक आणि चिन्हे १२८ क्रमांकांत बसतात; त्यांना सात बिट पुरतात. म्हणून टपालाने सातच बिट न्यावे असा नियम झाला, आणि कित्येक टपालवाहक आठवा बिट दिसताच तो कापून टाकीत. इकडे भारतीय लिप्यांसाठी जी 'इस्की' नावाची प्रमाण-पद्धती १९९१ साली मान्य झाली, तिच्यात खालचे १२८ क्रमांक रोमनला ठेवून देवनागरी आदी लिप्यांना वरची जागा दिली होती. म्हणजे प्रत्येक मराठी अक्षर आठव्या बिटावर उभे होते. 'क'चा क्रमांक १७९; आठवा बिट कापला की त्यातून १२८ वजा होऊन ५१ उरतात, आणि रोमन यादीत ५१ हा 'तीन' या अंकाचा क्रमांक आहे. 'ख'चा होई चार, 'ग'चा पाच, 'घ'चा सहा. आम्ही परीक्षेसाठी 'कागद' हा एकच शब्द बाहेरच्या एका स्नेह्याकडे पाठविला. तो त्याच्याकडे 'तीन, झेड, पाच, डी' अशा रूपाने पोचला. आमच्या यंत्रातून शब्द धडधाकट निघाला होता. वाटेत कोणा जुन्या वाहकाने प्रत्येक अक्षराचे शिर उडविले होते. आपल्या हातून काही कापले गेले याची त्या बिचाऱ्याला वार्ताही नसेल.

या रोगावर उपाय निघालेले होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माइम' या नियमांनी आठ बिटांचा मजकूर सात बिटांच्या गाठोड्यात बांधून नेण्याची रीत घालून दिली होती. त्यानंतर वाहकाने पुढच्या वाहकाला 'तुम्ही आठ बिट नेता काय?' असे विचारण्याचीही सोय झाली. परंतु निरनिराळ्या आज्ञावल्या या बाबतीत निरनिराळे वागत. क्यूमेल अत्यंत सुबक, सुरक्षित आणि चपळ. पण पुढचा वाहक आठ बिट नेईलच असा विश्वास धरून ती मजकूर जसाच्या तसा त्याच्या हवाली करी. सेंडमेलची त्या काळची आवृत्ती, पत्रावर तशी नोंद असेल तर, आधी विचारी. पुढचा 'नाही' म्हणाला की मजकूर गाठोड्यात बांधून मग देई. समितीतील एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, पत्रे तर सारी इंग्रजीतच जाणार; त्या आठव्या बिटापायी ती दुर्बोध फाइल कशाला गळ्यात बांधून घेता?" त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. आमचे उत्तर एवढेच होते की, पत्रे इंग्रजीतच जातात याचे एक कारण मराठी पत्रे धड पोचत नाहीत हे आहे. आज आपण इंग्रजीपुरता वाहक निवडला तर उद्या तेच कारण कायम होईल. दोन दिवसांच्या वादानंतर सेंडमेल घेण्याचे ठरले, आणि तिच्या नियमांच्या फाइलीशी आमची जी झोंबी सुरू झाली ती पुढे तीन वर्षे चालली.

त्या यंत्रावरून फार मराठी पत्रे गेली असे आम्ही म्हणणार नाही. लोक रोमन लिपीत मराठी लिहीत राहिले. 'काय कसं काय' हे वाक्य इंग्रजी अक्षरांत वाचण्याची त्यांच्या डोळ्यांना सवय होऊन गेली. ही सवय अजून पुष्कळांची सुटलेली नाही, आणि तिचे खापर आळसावर फोडण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो अन्याय वाटतो. ज्या रस्त्यावर गाडी उलटते तो रस्ता लोक सोडतात. पुढे रस्ता दुरुस्त झाला तरी पाय जुन्याच वळणाने जातात. सात बिटांच्या नियमाने मराठीवर बंदी घातली नव्हती. तिची अडचण केली होती, आणि एखादी भाषा लिहिण्याची सवय मोडण्यास तेवढी पुरते.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. युनिकोडमुळे मराठी मजकूर जगात कोठेही सुखरूप जातो. २०१२ साली पत्ताही देवनागरीत असावा यासाठी नियम झाले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' हे ठिकाण-नाव सुरू झाले. पोस्टफिक्सने २०१५ साली अशा पत्त्यांची पत्रे स्वीकारण्याची तयारी केली. म्हणजे चाकणच्या एखाद्या कारखानदाराला आपल्या नावाचा संपूर्ण मराठी पत्ता आज घेता येतो. पण तो घेतल्यावर काय अनुभव येतो हे आम्ही एका माजी विद्यार्थ्याकडून ऐकले आहे. त्याने हौसेने तसा पत्ता घेतला. एका परदेशी गिऱ्हाइकाच्या संगणकाने तो अशुद्ध म्हणून नाकारला, आणि एका अर्जाच्या रकान्याने 'वैध ई-मेल लिहा' असे बजावले. पुरवठ्याच्या मागण्या ज्याला तासाच्या हिशेबाने पुऱ्या करावयाच्या आहेत, तो मनुष्य भाषेच्या अभिमानापायी मागणी गमावू शकत नाही. त्याने निमूटपणे रोमन पत्ता घेतला. आठवा बिट कापणारा वाहक गेला. त्याच्या जागी न ओळखीचा पत्ता परत करणारा वाहक आला.

दरम्यान निवड करणारे हातही कमी झाले आहेत. आमच्या समितीने केला तसा खल आज बहुतेक महाविद्यालयांत होत नाही. दोनतीन प्रचंड परदेशी कंपन्यांपैकी एकीकडे टपाल सोपविले की काम भागते. त्यात सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. खोट्या नावाने पत्र धाडून कारखान्याची रक्कम भलत्याच खात्यात वळविणारे भामटे आता इतके झाले आहेत, की एकट्यादुकट्या संस्थेने स्वतःचे टपालयंत्र राखणे जिकिरीचे झाले आहे. आणि राखलेच, तर लहान यंत्राकडून आलेली पत्रे मोठे वाहक संशयाने बाजूला टाकतात. १९८२ च्या नियमांत पाठविणाराचे नाव तपासण्याची तरतूद नव्हती. लाल पेटीही आत पत्र टाकणाराला ओळख विचारीत नाही. तो भोळेपणा ज्यांना आज निस्तरावा लागतो, त्यांनी सावध राहू नये असे कोण म्हणेल?

तथापि सोय स्वीकारताना विचारण्याचा हक्क सोडून द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. टपाल कोणाकडेही सोपवावे. पण सोपविताना संस्थेने आपल्या करारात एक कलम घालून घ्यावे, की देवनागरी पत्त्यावरून आलेले व देवनागरी पत्त्यावर जाणारे पत्र आम्ही नेऊ. हे कलम घालण्यास पैसा लागत नाही. दोनशे महाविद्यालयांनी आणि भोसरी-चाकणच्या दोन हजार कारखान्यांनी ते मागितले, तर वाहकांना ते मान्य करावे लागेल. आणि कोणीच मागितले नाही, तर नियम पुस्तकात राहतील व पत्ते रोमन राहतील. आपल्या संस्थेच्या टपालाची व्यवस्था ज्यांच्या हाती असेल त्यांना, हा अंक वाचून झाल्यावर, एवढा एक प्रश्न अवश्य विचारून पाहावा.